रीडिंग जुळलं नाही तर?

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी प्रयोगवहीतले हे मथळे याच क्रमाने सांगता येतील. एका बाजूच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने काढलेली आकृती, समोरच्या आखलेल्या पानावर निळ्या शाईतला मजकूर, मथळ्यांखाली पट्टीने ओढलेली रेघ आणि तळाशी सरांची लाल सही. या वहीतली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि शाळेत कुणी ती उघड बोलत नाही. 'निरीक्षण' भरायच्या आधी 'अनुमान' लिहून झालेलं असतं. दोलकावरून गुरुत्वत्वरण काढायचं तर उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं, हे प्रयोगशाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच माहीत असतं. मग तिथून उलटं गणित करत तक्त्यात आकडे भरले जातात. मुलं याला 'रीडिंग जुळवणं' म्हणतात. मागच्या वर्षी पास झालेल्या एखाद्या ताईची वही त्यासाठी वर्गभर फिरते. वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या पाहाव्यात तर एकही गाळलेली नसते. विज्ञान तेवढं झालेलं नसतं.

या पायऱ्या आल्या कुठून? शाळेत शिकवल्या जाणाऱ्या यादीचं एक मूळ १९१० साली सापडतं. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी त्या वर्षी 'हाऊ वुई थिंक' हे पुस्तक लिहिलं, तेही मुख्यतः शिक्षकांना समोर ठेवून. माणसाचं कुठे अडलं की त्याचा विचार कसा पुढे सरकतो याचे त्यांनी पाच टप्पे सांगितले. काहीतरी अडलंय असं जाणवतं, नेमकं काय अडलंय ते कळतं, एखादा तर्क सुचतो, तो तर्क खरा असेल तर आणखी काय काय दिसायला हवं याचा विचार होतो, आणि मग पाहून-तपासून तो तर्क ठेवला किंवा सोडला जातो. त्यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी एक चक्क मोरीतलं आहे. गरम साबणाच्या पाण्यात धुतलेले पेले ताटलीवर पालथे घातले, तर काठाशी आधी बाहेर बुडबुडे येतात आणि थोड्या वेळाने तेच बुडबुडे आत ओढले जातात. असं का? पेल्यातली थंड हवा तापून फुगली आणि नंतर निवून आकसली असेल का? मग पेल्यावर बर्फ ठेवून पाहू.

ड्यूई विचार कसा चालतो याचं वर्णन करत होते. पुढच्या काही दशकांत पाठ्यपुस्तकांनी त्याचा जिना केला, पायऱ्यांना क्रमांक दिले, आणि जिना पाठ करायला सोपा असल्याने तो परीक्षेत बसला. स्वतः शास्त्रज्ञांना हा प्रकार फारसा ओळखीचा वाटत नाही. वैद्यकातलं नोबेल मिळवलेले पीटर मेदावर यांनी १९६३ साली बीबीसीवर एक भाषण दिलं होतं. शोधनिबंध हा फसवणुकीचा प्रकार आहे का, असाच त्याचा विषय होता. निबंधातले आकडे खोटे असतात असं त्यांना म्हणायचं नव्हतं. निबंध ज्या क्रमाने लिहिला जातो त्या क्रमाने शोध लागलेला नसतो, आणि तसा तो लागला असं भासवलं जातं, हा त्यांचा आक्षेप होता. आपली प्रयोगवही म्हणजे त्या शोधनिबंधाचीच शाळकरी प्रत.

तरीही पायऱ्या टाकून द्याव्यात असं मी म्हणणार नाही. एनसीईआरटीचं २०२४ साली आलेलं सहावीचं 'क्युरिओसिटी' हे पुस्तक पहिल्याच धड्यात पायऱ्या सांगतं, पण लिहिता लिहिता बंद पडलेल्या पेनाचं उदाहरण घेऊन. शाई संपली असेल का, हा अंदाज. उघडून बघणं, ही तपासणी. शाई आहे असं दिसलं तर दुसरा अंदाज. सहावीच्या मुलाला एवढं पुरे. अडचण येते ती पुढे, अंदाज आणि आकडा यांचं जमेनासं होतं तेव्हा. तिथे उभं राहायला शिकवणं अवघड, आणि तेच आपल्याकडे शिकवलं जात नाही.

*

पुणे जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीच्या वर्गात हा क्षण पाहायला मिळाला. खिडकीच्या गजाला शिंप्याकडचा दोरा बांधला होता, खाली लोखंडी नट. दोरा पट्टीने मोजून बरोबर एक मीटर. बाईंनी चार-चार मुलांचे गट केले आणि एकच प्रश्न दिला: दहा झोके व्हायला किती वेळ लागतो? घड्याळ म्हणून बाईंचा मोबाइल. फळ्यावर सेकंद लिहिले जाऊ लागले. २०, २१, १९, २० आणि एका गटाचे १०. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो दहाचा आकडाही इतरांएवढाच ठळक लिहिला आणि त्या गटाला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा दहाच.

"बाई, ते तिकडं गेल्यावर एक म्हणतायत आणि इकडं आल्यावर दोन," मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली.

त्यांचा एक झोका म्हणजे बाकीच्यांचा अर्धा. खरं तर चूक त्या गटाची नव्हतीच, कारण झोका कशाला म्हणायचं हे वर्गाने ठरवलंच नव्हतं. ते ठरलं, फळ्यावर कोपऱ्यात लिहिलं गेलं. मग उरलेले आकडे तरी एकसारखे का नाहीत, यावर चर्चा सुरू झाली. बटण दाबायला उशीर होतो. कुणी नट सोडताना ढकलतं. कुणी सोडतानाच 'एक' म्हणतं. "मग खरं उत्तर कुठलं?" असं एकाने वैतागून विचारलं, तेव्हा बाईंनी प्रश्न त्याच्याकडेच परत पाठवला: "तूच सांग, कसं ठरवायचं?" सरासरी हा शब्द गणिताच्या तासाला या मुलांनी आधी ऐकला होता. त्याची गरज मात्र त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पडली असावी.

पुढचा प्रश्न: नटाऐवजी जड वस्तू लावली तर? जवळजवळ सगळे हात एका बाजूने वर गेले. जड वस्तू भराभर झोके घेणार. दुप्पट मोठा नट लावला. वीसच सेकंद. एका मुलाला ते काही पटेना. "बाई, हा पण हलकाच हाय. कुलूप लावू." शाळेच्या दाराचं लांबट पितळी कुलूप आलं. मोजलं तर एकवीसच्या जवळ. पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आकडा विसावर काही येईना. वर्गात लगेच नवा सिद्धान्त तयार: जड असलं की उलट हळू होतं! तेवढ्यात घंटा झाली.

बाईंनी उत्तर सांगितलं नाही. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाल्या, "मलाही वीसच येतील असं वाटलं होतं. बघते उद्या." दुसऱ्या दिवशीचं त्यांनी फोनवर कळवलं. आदल्या दिवशी झोक्याचा घोळ पकडणाऱ्या मुलीनेच कुलपाला हात घातला होता. दोरा कुलपाच्या कडीपर्यंत एक मीटर होता, पण कुलूप लांब. त्याचा मध्य कितीतरी खाली. दोरा थोडा आखडून कुलपाच्या मध्यापर्यंत एक मीटर केला, आणि वीस सेकंद आले. वजनाने काही फरक पडत नव्हता. न कळत लांबी बदलली होती.

दोलनकाल वस्तुमानावर अवलंबून नसतो, हे वाक्य फळ्यावर लिहायला दहा सेकंद लागतात. या वर्गाने दोन तास घालवले. दोन तासांत अभ्यासक्रमाचं एक पान पुढे सरकलं असतं, हे बाईंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण न जुळणारा आकडा खोडून टाकायचा नसतो, त्याच्यामागे जायचं असतं, हे त्या चाळीसेक मुलांनी स्वतःच्या हातांनी केलं. वैज्ञानिक पद्धतीत शिकवण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं इथे आलं असं माझं मत आहे. दहा सेकंद मोजलेल्या गटाचा आकडा फळ्यावर लिहिला गेला, हे उरलेलं निम्मं.

*

एका शिक्षिकेने एका वर्गात हे केलं तर आपण तिला उपक्रमशील म्हणतो, तिचा सत्कार करतो आणि विसरतो. सरकारी शाळांत, साध्या शिक्षकांकडून, वर्षानुवर्षं असं शिकवून घेता येईल का? याचं उत्तर इटारसीच्या आसपास मिळतं. मुंबईहून रेल्वेने उत्तरेला जाणाऱ्या अनेकांना इटारसी जंक्शन माहीत असतं; ज्या होशंगाबाद जिल्ह्यात ते आहे त्याचं नाव आता नर्मदापुरम झालं आहे. १९७२ साली तिथल्या १६ माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. सुरुवात करणाऱ्या संस्था दोन: रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि अनिल सद्गोपाल यांची किशोर भारती. सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्रज्ञ होते. ती नोकरी सोडून ते खेड्यात गेले. टाटा संस्थेतले आणखी काही शास्त्रज्ञ तेव्हा मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याची धडपड करत होते, आणि होशंगाबादच्या पहिल्या शिबिरांना याच मंडळींचा हात लागला. पाठोपाठ दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक आले. १९७८ साली कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ पासून एकलव्य या संस्थेने तो सांभाळला.

या कार्यक्रमाच्या पुस्तकाचं नाव 'बाल वैज्ञानिक'. हे पुस्तक उघडलं की पहिल्यांदा गोंधळायला होतं, कारण त्यात उत्तरं नाहीत. हे करा, हे मोजा, काय दिसलं ते वहीत लिहा, असं का झालं असेल, तुमच्या टोळीत बोला. चार मुलांची एक टोळी. धड्याचा निष्कर्ष मुलांच्या वहीत तयार व्हायचा, त्यामुळे वही हरवली तर धडाच हरवला. आठवीच्या परीक्षेला पुस्तक आणि वही दोन्ही घेऊन बसायची मुभा होती, शिवाय प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी. उघड्या पुस्तकाची परीक्षा! आजही पालकसभेत हे शब्द उच्चारून पाहा.

असं शिकवता यावं म्हणून शिक्षक उन्हाळ्यात काही आठवडे शिबिराला यायचे आणि तिथे मुलांसारखे टोळ्या करून तेच प्रयोग करायचे. दर महिन्याला बैठक. मुलांना पडलेले आणि शिक्षकांना न सुटणारे प्रश्न 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक गृहस्थांना पत्राने विचारायची सोय होती, आणि त्यांच्याकडून उत्तरं यायचीसुद्धा. फूल उकलून पाहायला सुया पुरेनात तेव्हा मुलांनी बाभळीचे काटे आणले आणि पुढे काटेच रूढ झाले. १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा काढून एक तरुण अभियंता इथे आला. आठवड्याच्या बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब त्याच्या नजरेला पडली, आणि तिचे तुकडे काड्यापेटीतल्या काड्यांना जोडून भूमितीचे आकार करायची युक्ती निघाली. ते अरविंद गुप्ता. पुढे पुण्यातल्या आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊतून केलेली शेकडो खेळणी मराठी घरांत पोचली; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मला मात्र 'बाल वैज्ञानिक'मधलं सगळ्यात धाडसी पाऊल वाटतं ते 'संयोग और संभाविता' या धड्याचं. माध्यमिक शाळेच्या विज्ञानात नाणेफेक! मुलांनी नाणी उडवायची, छाप किती आणि काटा किती ते नोंदवायचं. वीस वेळा उडवलं तर दहा-दहा येतातच असं नाही, बारा-आठ येतात, कधी सहा-चौदाही. सगळ्या वर्गाचे आकडे एकत्र केले की मग ते निम्म्याजवळ सरकतात. थोड्या नोंदींवर विसंबू नये, ही गोष्ट इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही.

तिचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. पुण्यात २००८ साली एक चाचणी झाली. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या, निम्मी मुलं शाळेत हुशार, निम्मी मतिमंद. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या पाठवल्या आणि कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. नावं झाकलेली. उत्तरं किती बरोबर आली म्हणजे यश मानायचं, हे आधीच ठरलेलं होतं. ५१ ज्योतिषांनी नोंदणी केली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वात चांगलं उत्तर ४० पैकी २४ बरोबर, आणि सगळ्यांची सरासरी नाणेफेकीच्या वर गेली नाही. आता 'चोवीस म्हणजे निम्म्याहून जास्त की!' असं एखादा म्हणू शकतो. होशंगाबादला नाणेफेकीचा तो धडा केलेला मुलगा म्हणणार नाही. २७ मुलांनी चाळीस-चाळीस वेळा नाणं उडवलं तर त्यातल्या एखाद्याला निदान चोवीस छाप बहुधा पडतातच, हे त्याने पाहिलेलं असतं.

होशंगाबादचं पुढे काय झालं? कार्यक्रम चौदा-पंधरा जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांपर्यंत पसरला होता. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. जिल्ह्याचा दहावीचा निकाल खाली येतो आणि राज्यात सगळीकडे एकच पुस्तक हवं, हे आक्षेपांमधले मुख्य. तीस वर्षं चाललेल्या प्रयोगाचा निकाल प्रयोगाच्या निकषांवर लागला नाही, याची चुटपुट तिथल्या लोकांना अजून आहे. सुशील जोशी यांनी 'जश्न-ए-तालीम' या पुस्तकात ही सगळी कथा लिहून ठेवली आहे, त्यात आत्मपरीक्षणही भरपूर आहे. आणि ते हवंच. प्रयोगाचं साहित्य संपलं की पुन्हा वेळेवर येत नसे, तयार झालेला शिक्षक बदलून जात असे. शिवाय सगळंच विज्ञान मुलांना स्वतः शोधायला लावता येत नाही. अणू काही टोळीला सापडणार नाही. तो कुणीतरी सांगावाच लागतो. पण सांगितलेलं आणि तपासलेलं यांतला फरक ज्याच्या एकदा हाताला लागला, तो सांगितलेलंही वेगळ्या कानांनी ऐकतो.

*

महाराष्ट्रात या दिशेने काहीच झालं नाही असं नाही. टाटा संस्थेच्याच कुशीत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं, आणि वि. गो. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने महापालिकेच्या शाळांपासून जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यापर्यंत त्याने काम केलं. या केंद्रातल्या जयश्री रामदास यांची 'स्मॉल सायन्स' ही प्राथमिक वर्गांची पुस्तकमाला कुठल्याही शिक्षकाने डोळ्यांखालून घालावी. १९९३ पासून देशभर भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांची मुलं आपल्या गावातला प्रश्न घेऊन गटाने प्रकल्प करतात, तोही मातृभाषेत. १९८१ पासून बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ घेत असलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असतो. कल्पना चांगली. मात्र या स्पर्धेचे क्लासेस निघाले, आणि प्रकल्प 'करून मिळायला' लागले. उद्देशापासून अनुमानापर्यंत सगळं छापील, रंगीत, स्पायरल बाइंडिंगसह.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात याचंच मोठं रूप दिसतं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, सिरिंजवर चालणारा जेसीबी, थर्माकोलचं आदर्श गाव. यातल्या कशातही प्रश्न नसतो. ज्वालामुखी उसळणार हे करणाऱ्याला, बघणाऱ्याला आणि परीक्षकाला आधीच ठाऊक असतं. सोड्याचं प्रमाण दुप्पट केलं तर फेस दुप्पट होतो का, एवढं जरी कुणी मोजलं तरी त्या टेबलावर विज्ञान सुरू होईल. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, सी. व्ही. रामन यांच्या फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात. १९२१ साली विलायतेहून परतताना बोटीच्या डेकवर उभं राहून रामन यांनी एका साध्या निकोल प्रिझममधून समुद्र पाहिला होता. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रेली यांच्यासारख्या मोठ्या माणसाचं मत होतं. प्रिझमने ते प्रतिबिंब अडवलं तरी निळाई जाईना. मोठ्या माणसाचं म्हणणं डोळ्यांना दिसलं त्याच्याशी जुळलं नाही, आणि रामन यांनी आपलं रीडिंग खोडलं नाही. या निरीक्षणाचं पत्र त्यांनी 'नेचर'ला पाठवलं ते मुंबई बंदरात लागलेल्या त्याच बोटीवरून. विज्ञान दिनाच्या भाषणात ही मुंबईची गोष्ट क्वचितच ऐकू येते.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून आणि तालुक्यातालुक्यांतून विज्ञान प्रदर्शनं भरतील. तुमच्यातले कुणी पालक म्हणून जातील, कुणी परीक्षक म्हणून, काहींना पाहुणे म्हणून बोलावणं येईल. तिथे टेबलामागे उभ्या असलेल्या मुलांना पाठ केलेली माहिती म्हणून होऊ द्या. मग एवढंच विचारा: यातला कुठला आकडा तुम्हाला वाटलं होतं तसा आला नाही, आणि मग तुम्ही काय केलंत? ज्या मुलाकडे याचं उत्तर असेल त्याच्यापाशी थांबा, त्याची वही पाहा, आणि त्याचं मॉडेल शेजारच्यापेक्षा कितीही ओबडधोबड असलं तरी पहिला नंबर त्यालाच द्या.